दुकानाच्या दारातील फिरता पट्टेरी खांब: एक परीक्षण

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत राजपथाने चालत गेले, तर लाल, पांढरे आणि निळे पट्टे फिरवणारे उजेडाचे खांब आता अनेक केशकर्तनालयांच्या दारांत दिसतात. पूर्वी दुकानाची ओळख म्हणजे पाटीवरचे नाव, काचेवर चिकटवलेली केशरचनांची चित्रे आणि दारातला पडदा एवढीच असे. आता नवे दुकान थाटणारा तरुण खुर्ची, आरसा आणि बेसिन यांच्या यादीतच हा खांबही धरतो. व्यवसायातली मंडळी त्याला बार्बर पोल म्हणतात, गिऱ्हाइके ‘फिरती लाइट’ म्हणतात. राजपथाला लागून असलेल्या एका गल्लीत आमचे वडिलोपार्जित दुकान आहे. तिथे लावलेल्या खांबाने ऊन, धूळ आणि साताऱ्याचा पावसाळा सोसल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू टिकते का, दिसते कशी, पैसे वसूल होतात का, हे तर सांगायचे आहेच. पण या खांबाचा अर्थ काय, तो आला कुठून, हे समजल्याशिवाय तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कोणता खांब निवडावा आणि तो लावल्यावर दुकानात काय पाळावे हे त्या अर्थावरूनच ठरते.

आधी वस्तूविषयी. मी घेतलेला खांब भिंतीवर बसवायचा, साधारण दोन फूट उंचीचा आहे. बाहेरून पारदर्शक अॅक्रिलिकची स्थिर नळी, तिच्या आत तिरके पट्टे छापलेला पातळ प्लास्टिकचा फिरता दंडगोल, त्याच्या मध्यभागी न फिरणारा एलईडी दिवा, आणि वर-खाली चकचकीत मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या दोन टोप्या, अशी त्याची रचना आहे. तो मला साडेचार हजार रुपयांच्या आसपास पडला. यापेक्षा स्वस्त खांब बाजारात भरपूर आहेत, परंतु त्यांच्यात बहुधा दिवा आणि फिरणे यांना एकच बटण असते. माझ्या खांबाला दोन वेगळी बटणे आहेत आणि ही सोय मी फार महत्त्वाची मानतो, कारण भर दुपारी दिव्याची गरज नसते, नुसते पट्टे फिरले तरी पुरतात.

आतली मोटार मायक्रोवेव्ह ओव्हनमधील काचेची थाळी फिरवणाऱ्या मोटारीच्या जातीची आहे. ती घरगुती 230 व्होल्टच्या विजेवर थेट चालते, अवघी काही वॅट वीज घेते आणि आतल्या दंतचक्रांमुळे संथ गतीने फिरते. विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी तिचा वेग बदलत नाही, कारण तो दाबाशी नव्हे, तर विजेच्या 50 हर्ट्‌झच्या आवर्तनाशी बांधलेला असतो. संध्याकाळी दाब उतरला की आमच्या गल्लीत पंखे मंदावतात, खांब मात्र त्याच चालीने फिरत राहतो. या मोटारीचा एक गुणधर्म घेणाऱ्याने आधी माहीत करून घ्यावा: साध्या प्रकारात तिची दिशा ठरलेली नसते. बटण दाबण्याच्या क्षणी आतला चुंबक ज्या स्थितीत थांबलेला असेल, त्यानुसार ती डावीकडे किंवा उजवीकडे फिरू लागते. त्यामुळे आज पट्टे वर चढताना दिसतात, तर उद्या तेच खाली उतरताना दिसतात. दिशा पक्की केलेली मोटारही मिळते. दुकानदाराकडे तीच मागावी. त्यामागचे कारण पुढे येईल.

पट्टे वर चढतात किंवा खाली उतरतात असे आपण म्हणतो खरे, परंतु प्रत्यक्षात काहीही वर-खाली होत नाही. दंडगोल जागच्या जागी आडवा फिरत असतो आणि त्यावरचा प्रत्येक ठिपका त्याच उंचीवर गोल प्रवास करत असतो. मात्र पट्ट्याचा रंग सगळीकडे सारखा असल्यामुळे त्यातला कोणता भाग कुठे सरकला हे ओळखण्याची खूण डोळ्याला मिळत नाही. दिसते ती फक्त पट्ट्याची तिरकी कड. ही कड नळीच्या उभ्या बाजूला जिथे संपते ते टोक मात्र खरोखरच वर किंवा खाली सरकताना दिसते. नळी उंच आणि अरुंद असल्यामुळे अशी टोके उभ्या बाजूंनाच अधिक असतात आणि मेंदू त्यांची चाल संपूर्ण पट्ट्याची चाल मानतो. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने 1935 मध्ये या प्रकारच्या भासाचा बारकाईने अभ्यास केला, आणि दृष्टिविज्ञानात हा भास आजही न्हाव्याच्या खांबाच्याच नावाने ओळखला जातो. ज्या खांबाची नळी बुटकी आणि जाड असते, त्यात हा भास फिका पडतो. म्हणून जागा असेल तर उंच आणि सडपातळ खांबच घ्यावा.

आता अर्थाकडे येतो, आणि इथे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. युरोपात मध्ययुगात न्हावी हा केवळ केस आणि दाढी करणारा कारागीर नव्हता. दात काढणे, गळू फोडणे, जखम बांधणे, हाड बसवणे आणि शीर कापून रक्त काढणे ही सगळी कामे तोच करत असे. त्याच्याकडे धारदार हत्यार होते, ते चालवण्याचा रोजचा सराव होता आणि माणसाच्या कातडीवर हलक्या हाताने काम करण्याची सवय होती. मठांतील साधूंच्या डोक्याचा मधला भाग भादरण्यासाठी त्याचे तिथे नेहमी येणे-जाणे असे. 1215 मध्ये चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वरच्या श्रेणीतील धर्मोपदेशकांना डागण्याची आणि कापण्याची शल्यकर्मे करण्यास मनाई केली, आणि हे काम न्हाव्यांच्या हाती अधिकच जाऊ लागले. विद्यापीठात शिकलेले वैद्य नाडी पाहत, लघवी तपासत आणि औषध सांगत. रक्ताला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटे.

रक्त काढण्यामागची समजूत अशी होती की शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो. तेव्हा वाढलेले रक्त काढून टाकले की तोल सावरतो. हे काम करताना रुग्णाच्या हातात एक काठी देत आणि ती घट्ट आवळायला सांगत. मूठ आवळली की कोपराच्या आतल्या बाजूची शीर ताठ होऊन वर येते. आजही तपासणीसाठी रक्त घेताना परिचारिका आपल्याला मूठ आवळायला सांगतात, त्याचे कारण हेच. शिरेवर पात्याने छेद देत, वाहणारे रक्त धातूच्या भांड्यात धरत आणि शेवटी तागाच्या पट्टीने हात बांधत. परंपरेने सांगितला जाणारा खांबाचा उगम या तीन वस्तूंत आहे. खांब म्हणजे रुग्णाने आवळलेली काठी. लाल आणि पांढरे पट्टे म्हणजे रक्ताळलेल्या आणि धुतलेल्या पट्ट्या, ज्या वाळत घालण्यासाठी काठीला गुंडाळत आणि वाऱ्याने त्या तिच्याभोवती पिळल्या जात. आणि वर-खाली दिसणाऱ्या धातूच्या टोप्या म्हणजे भांडी, वरचे जळवा ठेवण्याचे आणि खालचे रक्त धरण्याचे. माझ्या खांबाच्या ज्या टोप्यांना मी प्लास्टिकच्या म्हणालो, त्यांना हा अर्थ आहे. म्हणूनच टोप्या नसलेला, नुसती नळी असलेला खांब मला अपुरा वाटतो.

वाचता न येणाऱ्या लोकांच्या काळात प्रत्येक धंद्याला दारात टांगलेली खूण लागे. त्याआधी लंडनचे न्हावी याहून सरळ जाहिरात करत असत: ते रक्ताने भरलेली भांडी दुकानाच्या खिडकीत ठेवत. 1307 मध्ये लंडन शहराने त्यावर बंदी घातली. कोणत्याही न्हाव्याने लोकांच्या नजरेस पडेल असे रक्त खिडकीत ठेवू नये, ते गुपचूप थेम्स नदीपर्यंत न्यावे, अन्यथा दोन शिलिंग दंड भरावा, असा तो हुकूम होता. नदीत रक्त टाकण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही, हे आज वाचताना खटकते; परंतु रक्त उघड्यावर असू नये एवढी जाणीव त्या हुकमात आहे.

1540 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडच्या संसदेने न्हाव्यांची संस्था आणि शल्यचिकित्सकांची संस्था एकत्र केली. त्याच कायद्याने कामांची वाटणीही केली: शल्यक्रिया करणाऱ्याने दाढी करू नये आणि न्हाव्याने दात काढण्याखेरीज शल्यक्रिया करू नये. शरीररचना शिकण्यासाठी दरवर्षी फाशी दिलेल्या चार गुन्हेगारांची प्रेते या संस्थेला देण्याची तरतूदही त्यात होती. दोन शतकांहून अधिक काळ हे दोन व्यवसाय एका छपराखाली नांदले आणि 1745 मध्ये कायद्यानेच वेगळे झाले. पुढे 1800 मध्ये शल्यचिकित्सकांना राजाची सनद मिळून त्यांचे महाविद्यालय स्थापन झाले. ब्रिटनमध्ये आजही शल्यचिकित्सकाला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणण्याची रीत आहे आणि ती याच काळाकडे बोट दाखवते. खांबाच्या रंगांचाही वाद होता. 1797 मध्ये लॉर्ड थर्लो यांनी ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात सांगितले की, जुन्या कायद्याप्रमाणे न्हाव्याने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब लावायचा आहे, तर शल्यचिकित्सकाने तसाच खांब लावून त्यावर औषधाची बरणी आणि लाल फडके दाखवायचे आहे. पुढे युरोपात लाल-पांढरा खांब रुळला आणि अमेरिकेत लाल, पांढरा व निळा असे तीन रंग रूढ झाले. तिथे कोणी निळ्याला नीलेचे रक्त म्हणतात, तर कोणी तो रंग राष्ट्रध्वजावरून आला असे मानतात. आपल्या बाजारात येणारे खांब या अमेरिकी धर्तीचे आहेत. लाल रंग धमनीतील रक्ताचा धरून पट्टे खाली उतरताना दिसावेत असाही एक संकेत सांगितला जातो, आणि दिशा पक्की केलेली मोटार मागावी असे मी वर लिहिले ते यासाठीच.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे विल्यम मार्व्ही यांची कंपनी 1950 पासून हे खांब बनवत आली आहे. 1967 मध्ये तिने पन्नास हजारावा खांब तयार केला. त्यानंतर पुरुषांनी केस वाढवण्याची लाट आली, दुकाने कमी झाली आणि मागणी घसरली. तिथले जुने खांब काचेच्या नळीचे आणि धातूच्या टोप्यांचे असत. आपल्याकडे मिळणाऱ्या अॅक्रिलिकच्या खांबाशी त्यांची तुलना करणे योग्य होणार नाही, परंतु दर्जा कसा असू शकतो याचे माप म्हणून ते डोळ्यांसमोर असावेत.

या इतिहासातील एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे यांनी न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी करून सुरुवात केली आणि पुढे ते चार राजांचे शल्यचिकित्सक झाले. त्या काळी बंदुकीच्या जखमेत उकळते तेल ओतत असत. एका लढाईत तेल संपले, तेव्हा पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो लेप लावलेले सैनिक शांत झोपलेले होते आणि तेलाने पोळलेले तापाने व वेदनेने तळमळत होते. त्यानंतर त्यांनी उकळते तेल सोडले. अवयव कापताना रक्तवाहिनी डागण्याऐवजी ती दोऱ्याने बांधण्याची रीतही त्यांनी पुढे आणली. ज्या धंद्यातून असा माणूस निघाला त्या धंद्याची खूण आपण दारात लावतो आहोत, हे खांब बसवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

रक्त काढण्याची ती समजूत स्वतः चुकीची होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 1799 च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांना घशाचा गंभीर आजार झाला असता काही तासांत त्यांचे पुष्कळ रक्त काढण्यात आले आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. 1830 च्या दशकात पॅरिसमधील पिएर लुई या डॉक्टरांनी फुप्फुसदाहाच्या रुग्णांची आकडेवारी मांडून या उपचाराचा लाभ फारच थोडा असल्याचे दाखवले. एकोणिसावे शतक संपेपर्यंत तो बहुतेक मागे पडला.

हे सगळे परक्या देशाचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे व्यवसायातील काही ज्येष्ठ मंडळी मला म्हणाली. मला ते पटत नाही. सुश्रुतसंहितेत शिरावेध, जळवा, शिंग आणि तुंबडी या मार्गांनी रक्त काढण्याचे वर्णन आहे. आपल्या गावगाड्यातला न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक, वर्षाच्या धान्यावर गावाची हजामत करणारा. पण गळू फोडायला, तुंबडी लावायला, रुतलेला काटा काढायला लोक त्याच्याचकडे येत. माझ्या आजोबांची धोकटी आमच्याकडे अजून आहे. तिच्यात वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, चिमटा आणि पितळी वाटी आहे. यातली नऱ्हाणी नखे काढायची, पण टाचेतला काटाही तिनेच निघे. लंडनच्या दुकानातले धातूचे भांडे आणि आमच्या धोकटीतली पितळी वाटी या एकाच कामातल्या वस्तू आहेत. आमच्या दुकानात संत सेना महाराजांची तसबीर आहे आणि तिच्याशेजारी, 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवाजी महाले यांचे चित्र आहे. प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला, आणि नाभिक समाजाला या नावाचा अभिमान आहे. त्या दोन चित्रांच्या दुकानाला हा खांब शोभत नाही असे म्हणण्याचे मला काही कारण दिसत नाही. दोन्ही देशांत धारदार पाते हातात घेऊन माणसाच्या कातडीशी काम करणारा हा एकच वर्ग होता आणि गावाने त्याच्यावर मोठा विश्वास टाकला होता.

खांबाचा आजचा अर्थ मी त्या विश्वासात शोधतो. आम्ही आता शीर कापत नाही, पण दाढी करताना कातडीला बारीक खरचटणे हे रोजचेच आहे, आणि तेवढे रक्त आजार पसरवायला पुरेसे असते. कावीळ ब या आजाराचा विषाणू शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे सोमवारी वापरलेले पाते रविवारीही धोक्याचे असू शकते, मग ते कितीही स्वच्छ दिसो. आमच्या धंद्यात ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे ब्लेड वस्तऱ्यात घालण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे, परंतु ते अर्धे ब्लेड एका गिऱ्हाइकाचे झाल्यावर टाकलेच पाहिजे, आणि वस्तऱ्याची धरणीही जंतुनाशकाने पुसली पाहिजे. तुरटीचा खडा हा याहून दुर्लक्षित धोका आहे. तो खरचटलेल्या जागेवर रक्त थांबवण्यासाठीच फिरवतात, आणि तोच ओला खडा दिवसभर प्रत्येकाच्या गालावर फिरतो. तुरटीचे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत ठेवले की हा प्रश्न सुटतो. लाल-पांढरा खांब लावून आत हे न पाळणे म्हणजे दारात एक सांगणे आणि खुर्चीत दुसरे करणे होय, आणि अशा दुकानाने खांब न लावलेला बरा.

खांबाचा सर्वांत चांगला परिणाम मला या बाबतीतच दिसला. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. एका संध्याकाळी खुर्चीत बसण्याआधी त्यांनी दारातूनच विचारले, “अहो, हा लाल पट्टा कशाचा?” मी त्यांना काठी, पट्ट्या आणि भांडे यांची हकीकत सांगितली. ते ऐकून म्हणाले, “मग आता ब्लेडचं पाकीट माझ्यासमोर फोडत चला.” मी म्हणालो, “गुरुजी, आजपासून सगळ्यांच्याच समोर फोडतो.” तेव्हापासून दुकानात तीच पद्धत आहे, आणि ब्लेड दाखवा असे म्हणायला आता कोणाला संकोच वाटत नाही. गिऱ्हाईक वाढले का, असे मला बरेच जण विचारतात. गल्लीच्या तोंडावरून दुकान चटकन दिसते, विशेषतः पावसाळी अंधारात, आणि नव्या माणसाला पत्ता सांगणे सोपे झाले आहे, एवढे मी खात्रीने सांगतो. केवळ खांबामुळे धंदा वाढेल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.

आता उणिवा. पहिली उणीव पावसाची आहे. यवतेश्वराच्या बाजूने आलेला आडवा पाऊस साताऱ्यात भिंतीवरच्या कोणत्याही वस्तूला सोडत नाही. माझ्या खांबाच्या वरच्या टोपीचा सांधा पाणी अडवण्याइतका घट्ट नव्हता. आत ओलावा जाऊन नळीवर धुके धरले आणि पट्टे अस्पष्ट दिसू लागले. सिलिकॉनने सांधा बंद केल्यावर आणि खालच्या टोपीला पाणी निथळण्यासाठी बारीक भोक पाडल्यावर हे थांबले. पाण्यापासून संरक्षण सांगणारा आयपी आकडा खोक्यावर पाहून घ्यावा; तो 44 किंवा त्याहून अधिक असेल तर चारी बाजूंनी उडणाऱ्या पाण्याचे भय राहत नाही. आकडाच दिलेला नसेल, तर तो खांब छपराच्या आतच लावावा. दुसरी उणीव किड्यांची. उजेडाकडे येणारे बारीक किडे फटीतून आत शिरतात आणि नळीच्या तळाशी साचतात, म्हणून नळी काढून पुसता येते की नाही हे घेतानाच पाहावे.

तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, ती रंगाची. आमचे दुकान पश्चिमाभिमुख आहे आणि दुपारनंतरचे ऊन थेट खांबावर येते. निळा रंग जवळजवळ तसाच राहिला, लाल मात्र आधी फिका आणि मग गुलाबी होत गेला. ज्या खांबाचा सगळा अर्थ लाल रंगात आहे, त्याचा लालच उडून जावा हे मला सहन होईना. सुदैवाने आतल्या दंडगोलावरचे छापील पट्टे बदलता येतात. साताऱ्यातच वाहनांवर चिकटवायचे रंगीत विनाइल छापून देणाऱ्याकडून मी नवे पट्टे करून घेतले आणि त्यावर उन्हापासून जपणारा पारदर्शक थर बसवून घेतला. तो रंग मूळ रंगाहून अधिक टिकला आहे. हे करताना पट्ट्यांचा तिरकेपणा मूळ मापाइतकाच, सुमारे 45 अंशांचा ठेवला. तिरकेपणा फार कमी केला तर पट्टे आडवे वाटतात आणि चालीचा भास मंदावतो.

सपाट एलईडी पाटीवर पट्टे धावताना दाखवणारा एक प्रकारही बाजारात आहे. त्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे मोटार बिघडण्याचा प्रश्न नाही, आणि तो स्वस्तही पडतो. पण त्यात काठी नाही, तिला गुंडाळलेली पट्टी नाही आणि भांडीही नाहीत. फक्त धावणारा उजेड आहे. मी तो घेणार नाही. काळ्या-पांढऱ्या किंवा सोनेरी पट्ट्यांचे खांबही तरुण मंडळी आवडीने लावतात. दिसायला ते देखणे आहेत, तरीही लाल आणि पांढरा हे दोन रंग असलेला खांबच मी सुचवीन. निळा असला तर असो.

एकंदरीत, किंमत आणि उपयोग पाहता मी या वस्तूवर समाधानी आहे आणि ब्लेडची शिस्त पाळणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने ती घ्यावी असे म्हणेन. बसवताना खांबाचा तळ माणसाच्या डोक्याच्या वर राहील अशी उंची धरावी, स्क्रू गंज न चढणारे घ्यावेत, वायर उघडी न सोडता पाइपातून न्यावी, आणि नळी पुसण्याआधी मुख्य बटण बंद करावे. अॅक्रिलिक स्पिरिटने किंवा कोरड्या फडक्याने पुसू नये, त्यावर चरे आणि तडे जातात. साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे. सर्वांत आधी निकामी होणारा भाग म्हणजे मोटार. तिच्यावर छापलेले व्होल्ट, वॅट आणि मिनिटाचे फेरे यांचे आकडे खांब भिंतीवर चढवण्यापूर्वीच लिहून ठेवावेत, कारण विद्युत साहित्याच्या दुकानात त्या आकड्यांवरूनच जुळणारी मोटार मिळते आणि तेवढ्यासाठी संपूर्ण खांब बदलावा लागत नाही.